तीव्र ल्युकेमिया आणि जनुकांची अभिव्यक्ती : खूण आणि कारण यांचा इतिहास

१

रोगांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा वैद्यकाच्या अभ्यासात काहीसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. औषधांच्या शोधांच्या कथा आवडीने सांगितल्या जातात व ऐकल्याही जातात. परंतु अमुक औषध अमुक रुग्णास द्यावे हे ज्या नावावरून ठरते, ते नाव त्या रोगास कसे प्राप्त झाले याचा विचार क्वचितच केला जातो. तीव्र ल्युकेमियाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. या रोगात नाव चुकले की उपचार चुकतो, आणि उपचार चुकला की दुरुस्तीस फारसा अवधी उरत नाही.

गेल्या सुमारे एकशे ऐंशी वर्षांत या रोगाची ओळख पटविण्याची साधने तीन वेळा बदलली. आरंभी उघड्या डोळ्यांस व साध्या सूक्ष्मदर्शकास जे दिसेल तेवढेच प्रमाण होते. त्यानंतर रंजकद्रव्ये आली, त्यानंतर गुणसूत्रांचे परीक्षण आले, आणि अखेरीस पेशीतील हजारो जनुकांपैकी कोणती जागी आहेत व कोणती निद्रिस्त आहेत, हे मोजण्याची पद्धत आली. या शेवटच्या गोष्टीस आपण जनुकांची अभिव्यक्ती म्हणतो. तीव्र ल्युकेमियाच्या संदर्भात या अभिव्यक्तीने दोन निरनिराळ्या भूमिका बजावल्या आहेत. एका भूमिकेत ती रोगाची खूण आहे, तर दुसऱ्या भूमिकेत ती रोगाचे कारण आहे. या दोन भूमिकांचा इतिहास बराच काळ स्वतंत्रपणे चालत आला, आणि त्यांची गाठ पडली तेव्हाच रुग्णाच्या पदरात खऱ्या अर्थाने काही पडले, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

१८४५ साली एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट यांनी आणि बर्लिन येथे रुडॉल्फ फिर्खो यांनी, काही आठवड्यांच्या अंतराने, एकाच प्रकारच्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मृत्यूनंतर रुग्णाचे रक्त तपासले असता त्यात फिकट पेशींचा अतोनात भरणा आढळला होता. बेनेट यांस हे रक्त पूमय झाले असावे असे वाटले. फिर्खो यांनी मात्र पू मानण्यास नकार दिला. रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रमाणच बिघडले आहे, एवढेच म्हणून ते थांबले, आणि १८४७ मध्ये त्यांनी या विकारास 'पांढरे रक्त' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. ल्युकेमिया हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. कारण ठाऊक नसता कारणाचे सूचन करणारे नाव देऊ नये, हा फिर्खो यांचा संयम पुढील संशोधनास उपकारक ठरला.

या पहिल्या रुग्णांचा आजार दीर्घकाळ चाललेला होता. थोड्याच आठवड्यांत प्राण घेणाऱ्या प्रकाराचे वर्णन १८५७ मध्ये निकोलाउस फ्रीडराइख यांनी केले, आणि १८८९ मध्ये विल्हेल्म एब्श्टाइन यांनी त्यास 'तीव्र' हे विशेषण लावले. दरम्यान १८६८ मध्ये अर्न्स्ट नॉयमान यांनी रक्तपेशींचा उगम अस्थिमज्जेत असल्याचे दाखविले होते. पुढच्याच दशकात पाउल एर्लिख यांनी कोळशाच्या डांबरापासून बनविलेल्या रंगांनी रक्तपेशी रंगविण्याची पद्धत सिद्ध केली. रंग चढताच एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींत कितीतरी जाती असल्याचे उघड झाले. १९०० मध्ये ओटो नेगेली यांनी मज्जेतील अपक्व पेशीचे, म्हणजे मायलोब्लास्टचे, स्वतंत्र वर्णन केले. त्यायोगे तीव्र ल्युकेमियाचे दोन मुख्य प्रकार, लसीकाजन्य व मज्जाजन्य, निश्चित झाले.

हा भेद पन्नासएक वर्षे केवळ पुस्तकी राहिला, कारण दोन्ही प्रकारांचा शेवट एकच होता. भेदास व्यावहारिक महत्त्व आले ते औषध सापडल्यावर. या औषधाच्या वंशावळीत मुंबईचाही एक दुवा आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईस आली. येथील गरीब गर्भवती स्त्रियांत आढळणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ज्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले तेच होय. हे आम्ल दिल्याने ल्युकेमिया बळावतो अशी शंका बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांस आली, आणि त्याच्या नेमक्या उलट कार्य करणारी द्रव्ये त्यांनी मागविली. ती द्रव्ये यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील रसायनज्ञांनी तयार केली होती. १९४८ मध्ये फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन दिलेल्या १६ बालरुग्णांपैकी १० जणांत सुधारणा झाल्याचे नमूद केले. ही सुधारणा तात्पुरती होती हे त्यांनी लपविले नाही. तथापि एका प्रकारास मानवणारे औषध दुसऱ्यास मानवतेच असे नाही, हे पुढील वर्षांत जसजसे कळत गेले, तसतसे अपक्व पेशी लसीकाजन्य की मज्जाजन्य हा प्रश्न जीवनमरणाचा होऊन बसला.

३

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. असे असता यकृताची पेशी रक्तपेशीहून भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर, दोहोंत वाचली जाणारी जनुके भिन्न असतात, हे आहे. जनुक वाचले जाणे म्हणजे त्याची आरएनए या रूपात प्रत निघणे. ही प्रत काढण्यावर नियंत्रण असते, ते चालू होते व बंदही होते, हे १९६१ मध्ये पॅरिस येथील फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनी जिवाणूंवरील प्रयोगांच्या आधारे मांडले. कर्करोग हा वाढीच्या नियंत्रणातील बिघाड असावा, असेही त्यांनी जाता जाता सुचविले होते.

ही कल्पना तीव्र ल्युकेमियास लागू करण्यास एक कारण आधीपासूनच हजर होते. या रोगातील पेशी केवळ संख्येने वाढलेल्या नसतात. त्या अपक्वही असतात. निरोगी मज्जेत पेशी पायरीपायरीने पक्व होते व ठरलेल्या मुदतीने मरते. ल्युकेमियाची पेशी मधल्याच एका पायरीवर अडकून पडते. तेव्हा ही पेशी मुळातच भ्रष्ट झालेली आहे, की पुढील पायरीची जनुके वाचली जात नसल्यामुळे केवळ खोळंबलेली आहे? पहिले खरे असेल तर पेशीस मारण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे खरे असेल तर तिला पुढे ढकलता येईल. इस्रायलमधील लिओ साक्स यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उंदरांच्या ल्युकेमियातील काही पेशी योग्य प्रथिन मिळताच पक्व होतात असे दाखविले. १९८० मध्ये अमेरिकेत थिओडोर ब्राइटमन व त्यांचे सहकारी यांनी मानवी ल्युकेमियाच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर, अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा, तोच परिणाम होतो असे सिद्ध केले.

४

या विचाराची कसोटी लागली ती प्रोमायलोसाइटी ल्युकेमिया या तीव्र मज्जाजन्य उपप्रकारात. नॉर्वेतील लाइफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये तीन रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले होते. सर्व ल्युकेमियांत हा अत्यंत घातक मानला जाई, कारण रक्त गोठण्याची क्रियाच बिघडून रुग्ण रक्तस्रावाने थोड्याच दिवसांत दगावत असे. १९७६ मध्ये फ्रेंच, अमेरिकन व ब्रिटिश तज्ज्ञांनी मिळून जे वर्गीकरण केले त्यात त्यास तिसरा क्रमांक मिळाला. त्या वर्गीकरणाचा मुख्य आधार पेशीचे रूप हाच होता. दुसऱ्याच वर्षी शिकागो येथील जॅनेट राउली यांनी या रुग्णांच्या पेशींत १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेले असतात असे दाखविले. रूपाने ठरविलेल्या नावास प्रथमच एक निश्चित अंतःस्थ लक्षण मिळाले. पण त्या लक्षणाचा अर्थ अद्याप कोणासही ठाऊक नव्हता.

अर्थ कळण्यापूर्वीच उपचार सापडला. शांघाय येथील वांग झेनयी यांनी, पेशीस मारण्याऐवजी पक्व करावे या हेतूने, रेटिनॉइक आम्लाचा ट्रान्स प्रकार वापरण्याचे ठरविले. १९८५ मध्ये प्रथम एका पाच वर्षांच्या मुलीस तो देण्यात आला. इतर सर्व औषधे थकली होती. या औषधाने ती बरी झाली. १९८८ मध्ये वांग यांच्या गटाने २४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्वांच्या ठिकाणी रोगाचे पूर्ण शमन झाले होते, आणि त्यांपैकी २३ जणांस रेटिनॉइक आम्लाखेरीज दुसरे काही द्यावे लागले नव्हते. मज्जेतील अपक्व पेशी मेल्या नव्हत्या, त्या पक्व झाल्या होत्या.

हे का घडले, याचा उलगडा पुढील दहा वर्षांत झाला. १९८७ मध्ये रेटिनॉइक आम्लास प्रतिसाद देणाऱ्या ग्राही प्रथिनाचे जनुक सापडले, आणि ते १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे असे कळले. १९९० व १९९१ मध्ये ह्यूग द ते व अॅन देजाँ यांच्या फ्रेंच गटाने, त्याचप्रमाणे इतर गटांनीही, राउली यांनी पाहिलेला विच्छेद नेमका याच जनुकातून जातो व ते १५ क्रमांकावरील पीएमएल या जनुकास जोडले जाते असे दाखविले. या जोडजनुकापासून जे संकरित प्रथिन बनते, ते पक्वतेस आवश्यक असलेल्या जनुकांच्या जागी जाऊन बसते. मात्र ती उघडण्याऐवजी ते त्यांना बंद ठेवणारी इतर प्रथिने तेथे खेचून आणते. १९९८ मध्ये हे कार्य स्पष्ट झाले. शरीरात स्वाभाविकपणे असणारे रेटिनॉइक आम्ल हे कुलूप काढण्यास अपुरे पडते; औषध म्हणून दिलेली मोठी मात्रा ते काढते, आणि त्या संकरित प्रथिनाचा नाशही घडवून आणते. येथे जनुकाभिव्यक्ती ही रोगाची निशाणी म्हणून पुढे येत नाही. अभिव्यक्तीचा खोळंबा हाच येथे रोगाच्या मुळाशी आहे.

केवळ रेटिनॉइक आम्लावर ठेवलेल्या रुग्णांत रोग बहुधा उलटत असे, हे येथे सांगितले पाहिजे. म्हणून आरंभी त्यास पेशीनाशक औषधांची जोड द्यावी लागली. त्यानंतर चीनमधूनच दुसरे साधन आले, ते म्हणजे सोमलाचे ऑक्साइड. त्याचा वापर हार्बिन येथे झांग तिंगदोंग यांनी १९७० च्या दशकात सुरू केला होता. हे द्रव्य संकरित प्रथिनाच्या पीएमएल या भागास थेट जाऊन चिकटते, असे २०१० मध्ये दिसून आले. भारतातही वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाच्या चिकित्सकांनी ७२ नव्या रुग्णांस मुख्यतः सोमलच देऊन सुमारे ८६ टक्के रुग्णांत पूर्ण शमन साधले, आणि २००६ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. महाग उपचार न परवडणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने या कामाचे मोल मोठे आहे. २०१३ मध्ये फ्रांचेस्को लो-कोको यांच्या गटाने फार जोखमीत नसलेल्या रुग्णांवर रेटिनॉइक आम्ल व सोमल यांची जोडी आणि जुनी पेशीनाशक पद्धत यांची तुलना केली. दोन वर्षांअखेर रोगाचा कोणताही अडथळा न येता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९७ टक्के, तर दुसऱ्यात ८६ टक्के होते. काही दिवसांत प्राण घेणारा रोग एका पिढीच्या अवधीत बहुतांशी बरा होणारा झाला.

५

खूण म्हणून अभिव्यक्तीचा उपयोग करण्याची कल्पना निराळ्याच वाटेने आली. एकेका जनुकाची प्रत मोजण्याच्या पद्धती जुन्या होत्या. परंतु काचेच्या पट्टीवर अनेक जनुकांचे तुकडे ओळीने मांडून, पेशीतील सर्व आरएनए एकाच वेळी त्यांवर पारखण्याची युक्ती स्टॅनफर्ड येथील पॅट्रिक ब्राउन यांच्या गटाने १९९५ मध्ये एका वनस्पतीच्या ४५ जनुकांवर यशस्वी करून दाखविली. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, टॉड गोलब, एरिक लँडर व त्यांचे सहकारी यांनी तीव्र ल्युकेमियावरील आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. गोलब ज्या संस्थेत काम करीत होते तिच्या नावात फार्बर यांचेच नाव गोवलेले आहे, हा योगायोग लक्षणीय आहे.

या निबंधाची मांडणी साधी होती. ३८ रुग्णांच्या मज्जेचे नमुने घेण्यात आले. त्यांपैकी २७ लसीकाजन्य व ११ मज्जाजन्य होते. प्रत्येक नमुन्यात ६,८१७ जनुकांची अभिव्यक्ती मोजण्यात आली, आणि दोन्ही प्रकारांत ठळक फरक दाखविणारी ५० जनुके निवडण्यात आली. त्यानंतर ३४ नव्या नमुन्यांवर या निवडीची परीक्षा झाली. त्यांपैकी २९ नमुन्यांविषयी ही पद्धत निश्चयाने उत्तर देऊ शकली, आणि ती सर्व उत्तरे बरोबर ठरली. उरलेल्या पाचांविषयी तिने निश्चित उत्तर दिले नाही. यापुढे जाऊन, कोणता नमुना कोणत्या प्रकाराचा हे न सांगता केवळ आकड्यांच्या सारखेपणावरून गट पाडले असता, जुनाच भेद पुष्कळ अंशी आपोआप उमटला. नेगेली यांच्या काळापासून नजरेने केलेला भेद आकड्यांनी स्वतंत्रपणे मान्य केला, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेण्यात येतो. जे निदान अनुभवी परीक्षक सूक्ष्मदर्शकाने व पेशीच्या पृष्ठावरील प्रथिनांच्या तपासणीने करूच शकत होता, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर त्याच निबंधात नोंदलेल्या एका रुग्णाच्या हकिगतीत मिळते. त्याची लक्षणे तीव्र ल्युकेमियाची होती, पण पेशींचे रूप नेहमीचे नव्हते. अभिव्यक्ती मोजली असता रक्तपेशींची जनुके मंद आढळली व स्नायूंची जनुके जागी आढळली. तो रोग ल्युकेमिया नव्हताच. स्नायूच्या ऊतकाशी संबंधित असा, मज्जेत पसरलेला, रॅब्डोमायोसार्कोमा हा कर्करोग होता. गुणसूत्रांच्या तपासणीनेही तेच सांगितले, आणि त्या रुग्णाचा उपचार बदलण्यात आला. वर्गीकरण हा पंडितांचा खेळ नव्हे, हे पटण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

पुढील दशकात या पद्धतीचा विस्तार झाला. २००२ मध्ये मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयाने लसीकाजन्य प्रकाराच्या ३६० बालरुग्णांचे, आणि २००४ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी मज्जाजन्य प्रकाराच्या २८५ रुग्णांचे परीक्षण प्रसिद्ध केले. २०१० मध्ये अकरा प्रयोगशाळांनी मिळून ३,३३४ रुग्णांवर केलेला अभ्यास बाहेर आला. बहुतेक ठिकाणी असे आढळले की, अभिव्यक्तीने पडणारे गट हे गुणसूत्रांतील बदलांनी आधीच ओळखलेल्या गटांशी जुळतात. याचा अर्थ पद्धत विश्वसनीय होती. पण रोज्च्या निदानात तिने जुन्या तपासण्यांची जागा घेतली नाही, याचेही कारण हेच होय. जे आधी माहीत आहे तेच अधिक खर्चाने सांगणाऱ्या साधनास रुग्णालयात स्थान मिळणे कठीण असते.

६

मग या खुणेचे खरे फलित कोणते? ते दोन ठिकाणी दिसते, आणि दोन्ही ठिकाणी खुणेने कारणाकडे बोट दाखविले आहे.

पहिले उदाहरण लसीकाजन्य प्रकारातील आहे. काही रुग्णांत फिलाडेल्फिया गुणसूत्र असते, म्हणजे ९ व २२ या गुणसूत्रांत देवाणघेवाण झालेली असते. अशा रुग्णांना इमॅटिनिबसारखी औषधे लागू पडतात. २००९ मध्ये डच व अमेरिकन संशोधकांस स्वतंत्रपणे असे आढळले की, ज्यांच्यात हे गुणसूत्र मुळीच नाही अशाही काही रुग्णांची अभिव्यक्ती हुबेहूब तशीच असते, आणि त्यांचा रोग जुन्या उपचारांना दाद देत नाही. सारखेपणा आहे तर त्याचे कारणही असले पाहिजे, या धारणेने शोध घेतला असता त्या पेशींत त्याच जातीच्या इतर जनुकांचे नवेनवे जोड सापडत गेले. त्यांतील काहींवर उपलब्ध औषधे चालतात. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गटास तात्पुरते का होईना, स्वतंत्र स्थान मिळाले. येथे गुणसूत्र पाहणाऱ्या नजरेस जे दिसत नव्हते ते अभिव्यक्तीने प्रथम दाखविले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. गोलब यांच्या १९९९ च्या निबंधात, ज्यांच्या उपचाराचे फलित माहीत होते अशा १५ मज्जाजन्य रुग्णांत, उपचार अयशस्वी होण्याशी सर्वांत जवळचा संबंध असलेले जनुक म्हणून हॉक्स-ए-९ चे नाव आले होते. १५ ही संख्या लहान होती, आणि त्या वेळी ती एक नोंद एवढेच तिचे स्वरूप होते. २००२ मध्ये स्कॉट आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी दाखविले की, ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एमएलएल हे जनुक तुटून जो ल्युकेमिया होतो, त्याची अभिव्यक्ती लसीकाजन्य व मज्जाजन्य या दोहोंहून वेगळी असते, आणि तीत हॉक्स-ए-९ व त्याचे सहकारी माइस-१ ही जनुके जोरात वाचली जातात. निरोगी मज्जेत ही जनुके अपक्व पेशींत जागी असतात व पक्वता येताच मिटतात. तुटलेले एमएलएल त्यांना मिटू देत नाही. या कामी त्यास मेनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा आधार लागतो, हे नंतरच्या काही वर्षांत कळले. मग तो आधारच काढून घेणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांपैकी रेव्ह्युमेनिब हे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. त्याने हॉक्स-ए-९ चे वाचन मंदावते व पेशी पक्व होऊ लागतात. प्रोमायलोसाइटी प्रकारात मिटलेली जनुके उघडावयाची होती. येथे उघडी राहिलेली मिटवावयाची आहेत. तत्त्व मात्र एकच आहे.

या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मान्यतेस आधार झालेल्या १०४ रुग्णांत, ज्यांचा रोग उलटला होता किंवा उपचारास दाद देत नव्हता, सुमारे एकपंचमांश जणांतच पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण शमन झाले. मेनिनच्या जनुकात बदल होऊन पेशी औषधास न जुमानू लागतात, हेही आढळले आहे. शांघायच्या २४ रुग्णांशी या आकड्यांची तुलना केल्यास निराशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रेटिनॉइक आम्लाचाही इतिहास रोग उलटण्यापासूनच सुरू झाला होता, आणि दुसऱ्या औषधाची जोड मिळाल्यावरच तो पूर्ण झाला, हे विसरता कामा नये.

७

या इतिहासातून अभ्यासकाने काय घ्यावे? सारखेपणा दिसला की त्यास नाव देण्याचा मोह होतो. फिर्खो यांनी तो मोह मर्यादेत ठेवला. गोलब यांनी हजारो जनुकांचा सारखेपणा मोजला. पण त्या मापनाला अर्थ आला तो हॉक्स-ए-९ जागे का राहते या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे पंचवीस वर्षे होत राहिल्यामुळे. उलटपक्षी वांग यांस यंत्रणा ठाऊक नव्हती. परंतु पेशी खोळंबली आहे, भ्रष्ट झालेली नाही, ही कल्पना त्यांच्याजवळ होती, आणि तीच त्यांस योग्य औषधाकडे घेऊन गेली.

आज आरएनएचे संपूर्ण वाचन करणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाले आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती आकड्यांच्या राशी सहज येतात. त्या राशींतून गट पाडणे हे काम यंत्र करील. पडलेला प्रत्येक गट हा एक प्रश्न आहे, हे ओळखणे आणि त्या प्रश्नाचे उत्तर पेशीत, व शेवटी रुग्णात शोधणे, हे काम मात्र अभ्यासकाचेच राहील.